निळा दिवा लागला की झालं?

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जो वॉटर कूलर आहे, त्याच्या डोक्यावर एक पांढरा डबा बसवलेला आहे. डब्याला छोटीशी खिडकी आहे आणि खिडकीतून निळसर उजेड दिसतो. फर्स्ट इयरला पप्पा मला सोडायला आले तेव्हा त्यांनी मेस बघितली नाही, रूमची कडी लागते का बघितलं नाही. तो निळा उजेड बघितला आणि म्हणाले, "चला, पाण्याची सोय चांगली आहे." मलाही तसंच वाटलं. निळा दिवा लागलाय म्हणजे आत काहीतरी सायंटिफिक चाललं असणार, अजून काय हवं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये सहा जणींना कावीळ झाली. माझी रूममेट त्यातली एक. महिनाभर घरी, सबमिशन राहिलं, ओरल बुडाली आणि शेवटी वायडी. आता ती ज्युनिअर्सबरोबर बसते आणि हसून सांगते की दुसऱ्यांदा सगळं जास्त समजतं. दोष कूलरच्या पाण्याचा होता की गेटबाहेरच्या पाणीपुरीचा, हे कुणी तपासलंच नाही, त्यामुळे मीही छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण त्या आठवड्यात मेंटेनन्सवाल्या काकांनी तो पांढरा डबा उघडला आणि मी शेजारी उभी होते. दिवा बदलल्याचा स्टिकर तीन वर्षांपूर्वीचा. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्‌झच्या नळीवर पांढरा थर, आपल्या बादलीच्या आत जमतो अगदी तसा. आणि पाइपच्या बाजूने एक बायपासचा कॉक, तो उघडाच. पाणी हळू येतं म्हणून कुणीतरी कधीतरी फिरवून ठेवला होता. म्हणजे बरंचसं पाणी दिव्याच्या वाटेला जातच नव्हतं. दिवा मात्र लागलेला. छान निळा.

आता हॉस्टेल कमिटीपुढे नवीन कोटेशन आलंय, यूव्ही एलईडीचं. स्टुडंट मेंबर म्हणून मीही त्या मीटिंगला होते. सगळ्यांचा सूर असा की जुना दिवा गेला, नवीन टेक्नॉलॉजी आली, प्रश्न सुटला. मी एलईडीच्या विरोधात मुळीच नाही, उलट मला ती वस्तू मनापासून आवडते. पण आपण पुन्हा एकदा उजेडच विकत घेतोय अशी मला भीती वाटते, म्हणून हा लेखप्रपंच.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे 'अल्ट्राव्हायोलेट'ला मराठीत काय म्हणतात हे मला रूममेटला विचारावं लागलं. ती म्हणाली, अतिनील. लायब्ररीत मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड आहेत, त्यात मात्र दुसराच शब्द सापडला: जंबुपार. जंबू म्हणजे जांभूळ. जांभळ्याच्या पार, पलीकडचा. मला हा शब्द फारच आवडला, कारण सगळी गोम त्यातच आहे. जो प्रकाश जांभळ्याच्या पलीकडे आहे तो जांभळा किंवा निळा दिसणारच नाही. दिसला तर तो अलीकडचा!

पाण्याच्या फिल्टरमध्ये जो पाऱ्याचा दिवा असतो त्याचं खरं काम करतो तो २५३.७ नॅनोमीटरचा किरण. तो डोळ्याला दिसत नाही. आपल्याला दिसतात त्या पाऱ्याच्या दुसऱ्या रेषा, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या आसपासच्या. त्या जंतूंचं फारसं काही वाकडं करत नाहीत. आणि दिवा म्हातारा होतो तेव्हा आधी न दिसणारा किरण मंदावतो, निळा उजेड तसाच राहतो. साधारण ९,००० तास ही अशा दिव्याची उमर. दिवसरात्र चालू ठेवला तर ३७५ दिवस, म्हणजे वर्ष झालं की बदलायला हवा. आमचा तीन वर्षं जळत होता. एलईडीत तर अजूनच गंमत. २७५ नॅनोमीटरची एलईडी चालू असतानाही बंद असल्यासारखीच दिसते. म्हणून बरेच जण शेजारी साधी निळी एलईडी लावतात, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ती निळी एलईडी जळते आहे याचा अर्थ फक्त एवढाच की ती निळी एलईडी जळते आहे.

हा किरण करतो काय, ते थोडक्यात सांगते. २०० ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्याला यूव्ही-सी म्हणतात. डीएनए साधारण २६० ते २६५ च्या आसपास हा प्रकाश सगळ्यात जास्त शोषून घेतो. शोषला की शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची कॉपी निघत नाही. विषाणूंमध्ये डीएनएऐवजी आरएनए असला तरी गत तीच. म्हणजे जंतू जागच्या जागी मरतो असं नाही, तो निर्वंश होतो. त्याला पोरंबाळं होत नाहीत म्हणून आपण आजारी पडत नाही. (काही जिवाणू उजेडात ही जोडणी उसवूनही घेतात. म्हणून डोस पुरेसा लागतो, थोडासा चालत नाही.)

हे ज्ञान काही आजकालचं नाही. उन्हाने जिवाणू वाढत नाहीत हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रजांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. फ्रान्समध्ये मार्सेलला १९१० मध्ये या प्रकाशाने शहराचं पाणी शुद्ध करण्याचा पहिला प्रयत्न झाला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात अ‍ॅक्वागार्ड दारोदार पोचला आणि आमच्या आजीच्या तोंडी 'अ‍ॅक्वागार्डचं पाणी' हा शब्द उकळलेल्या पाण्याच्या जागी बसला.

आता मुद्द्याचं. सगळा खेळ डोसचा आहे. डोस म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ, आणि मोजतात मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. घरगुती यूव्ही यंत्रांच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये, ज्याला एनएसएफ/एएनएसआय ५५ म्हणतात, त्याच्या 'क्लास ए'साठी हा आकडा ४० आहे. आपल्या कोटेशनमध्ये डोसचा आकडा नाही. '९९.९९ टक्के जंतूंचा नाश' आहे, निळ्या थेंबाचं चित्र आहे, हसणारं बाळ आहे. बाकी दोन आकडे मी विचारून विचारून मिळवले: एलईडीचा यूव्ही आउटपुट ६० मिलिवॅट आणि चेंबरची लांबी १० सेंटिमीटर.

मग मी मीटिंगच्या अजेंड्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. नळीचा छेद ए धरा. तीव्रता म्हणजे पॉवर भागिले ए. पाणी नळीत किती वेळ राहतं? ए गुणिले लांबी, भागिले प्रवाह. दोन्हींचा गुणाकार केला की ए ए कटतो! उरतं काय तर पॉवर गुणिले लांबी भागिले प्रवाह. आपल्या कूलरचा नळ मिनिटाला सुमारे दोन लिटर देतो, म्हणजे सेकंदाला ३३ घनसेंटिमीटर. साठ गुणिले दहा भागिले ३३, उत्तर आलं १८. हे सुद्धा पाणी काचेसारखं स्वच्छ आहे आणि भिंतीवर काहीच वाया जात नाही असं धरून. (भिंती चकचकीत असतील, प्रकाश परतून पुन्हा पाण्यात येत असेल तर हा आकडा वाढेल, पण त्याबद्दल कोटेशन गप्प आहे.) मेसच्या वेळेला दोन्ही नळ चालू असतात, तेव्हा ९.

म्हणजे कंपनी खोटं बोलतेय का? तसंही नाही, आणि हीच तर खरी मजा आहे. ई. कोलाय हा जिवाणू या किरणांपुढे फारच गरीब. तो एवढ्या डोसमध्येही बराच गारद होतो, त्यामुळे '९९.९९' त्याच्यापुरतं खरं असू शकतं. पण सगळेच असे गरीब नसतात. अ‍ॅडिनोव्हायरस नावाचा चिवट विषाणू आहे, त्याच्यासाठी तेच ९९.९९ टक्के गाठायला अमेरिकेच्या ईपीएने १८६ मिलिज्यूलचा डोस ठरवलाय. तेव्हा कुठला जंतू, किती प्रवाह आणि कसं पाणी, हे न सांगता दिलेला टक्का म्हणजे विषय न सांगता मार्क सांगण्यासारखं आहे.

जुन्या पाऱ्याच्या दिव्याशी तुलना करून बघा. ११ वॅटच्या दिव्यातून यूव्ही-सी निघतो अडीच वॅटच्या आसपास, म्हणजे २,५०० मिलिवॅट. कुठे साठ आणि कुठे अडीच हजार! पाऱ्याचा दिवा खाल्लेल्या विजेपैकी तीसेक टक्के कामाच्या प्रकाशात बदलतो, बाजारातली यूव्ही-सी एलईडी अजून थोडक्याच टक्क्यांवर अडकली आहे. बाकी सगळी उष्णता. याचं कारण मटेरिअलमध्ये आहे. निळी एलईडी गॅलियम नायट्राइडची. ती जमवायला किती खटाटोप पडला हे २०१४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलने जगाला कळलं: अकासाकी, अमानो आणि नाकामुरा. आणखी छोट्या तरंगलांबीकडे जायचं तर त्यात अ‍ॅल्युमिनियम वाढवत न्यावं लागतं, आणि जितकं अ‍ॅल्युमिनियम जास्त तितका क्रिस्टल नाठाळ. त्यात दोष राहतात, करंट नीट आत शिरत नाही, तयार झालेला प्रकाश आतच शोषला जातो. आमचे सर शिकवताना म्हणाले होते की निळ्या एलईडीचंही सुरुवातीला असंच होतं. ते खरं आहे आणि म्हणूनच मला आशा आहे.

मग एलईडी घ्यायचीच कशाला? तर घ्यायची, पण तिच्या गुणांसाठी. पाऱ्याचा दिवा पूर्ण तापून जोरात यायला मिनिटं लागतात, म्हणून तो चोवीस तास चालू ठेवावा लागतो. एलईडी क्षणात लागते. नळ उघडला की चालू, बंद केला की बंद. आपण दिवसभरात प्रत्यक्ष पाणी घेतो तो वेळ सगळा मिळून तीन तास धरा. १०,००० तासांची एलईडी असेल तर ती नऊ वर्षं पुरेल. १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे लाईट गेली तर छोटी बॅटरी पुरते. आणि तिच्यात पारा नाही. आमच्या जुन्या दिव्यात होता आणि काकांनी तो दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हे पण इथे सांगून टाकते.

पण मला सगळ्यात मोठा वाटणारा गुण वेगळाच, आणि मीटिंगमध्ये त्याबद्दल कुणीच बोललं नाही. ती इतकी लहान आहे की अगदी नळाच्या तोंडाशी बसू शकते. आपला डबा बसवलाय कूलरच्या आधी. म्हणजे पाण्यावर प्रकाश पडणार आणि मग ते पाणी कूलरच्या स्टीलच्या टाकीत जाऊन तासन्‌तास बसणार. क्लोरीन पाण्यात मागे राहतो, पुढे भेटणाऱ्या जंतूलाही पकडतो. प्रकाश मागे राहत नाही. दिव्यापुढून गेलं की पाणी पुन्हा अनाथ. ती टाकी शेवटची कधी धुतली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नवीन एलईडीही त्याच जागी, टाकीच्या आधी लावणार असतील तर काय उपयोग? ती लावायची नळाशी, बाटली आणि टाकीच्या मध्ये.

इथे मला एका माणसाची आठवण काढायची आहे. अशोक गाडगीळ, मुंबईत वाढलेले, पुढे अमेरिकेत बर्कलेच्या लॉरेन्स लॅबमध्ये काम करणारे फिजिसिस्ट. १९९२-९३ मध्ये कॉलऱ्याची एक नवी जात भारतात आणि बांगलादेशात पसरली. त्यानंतर त्यांनी 'यूव्ही वॉटरवर्क्स' नावाचं यंत्र तयार केलं. मिनिटाला १५ लिटर पाणी, वीज ६० वॅटच्या आसपास, एका जुन्या बल्बइतकी. दिवा त्यांनी शोधला नव्हता, तो कधीचाच बाजारात होता. त्यांनी काय केलं, तर दिवा पाण्यात बुडवलाच नाही. पाणी खालच्या उथळ पन्हाळीतून वाहतं आणि दिवा वर हवेत टांगलेला. पाण्याला दिवा शिवतच नाही तर थर कशावर जमणार? पंपाचं प्रेशरही नको, हापशाचं पाणी ओतलं तरी चालतं. २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन मिळालं. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मला आमच्या डब्यातली ती पांढऱ्या थराची नळी डोळ्यापुढे आली. या माणसाने डिझाइन करताना आमच्या काकांचा विचार केला होता, जे चार हॉस्टेल, दोन मेस आणि स्टाफ क्वार्टर्स एकटे सांभाळतात. आमच्या डब्याच्या डिझायनरने नव्हता केला.

हवा आणि वस्तूंबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी आमच्या घरी एक 'यूव्ही एलईडी बॉक्स' आला. पप्पा त्यात दुधाच्या पिशव्या, चाव्या, नोटा, पाकीट, सगळं ठेवायचे. तीन मिनिटं मस्त जांभळा उजेड, मग टिंग. सेकंड इयरला मी तो बॉक्स लॅबमध्ये आणून स्पेक्ट्रोमीटरपुढे धरला. शिखर आलं ३९५ नॅनोमीटरला. हा नेलपॉलिश सुकवायचा प्रकाश! जांभळ्याच्या पलीकडे गेलेलाच नाही, दारातच उभा. बरं, समजा खरा यूव्ही-सी असता तरी प्रकाश सरळ रेषेत जातो, पाकिटाच्या खालच्या बाजूला अंधारच. मी पप्पांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "असू दे, आपल्याला काही झालं नाही ना?" यावर काय बोलणार!

उलट बाजूही आहे. काही हातात धरायच्या कांड्यांमधून खरोखरच जोरदार यूव्ही-सी निघतो आणि त्या माणसालाच भाजतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये अशा काही कांड्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी काच न लावता वेल्डिंग बघितलं आणि रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन झोपले नाहीत, त्यांना वेगळं सांगायला नको. हवेसाठी या प्रकाशाचा चांगला उपयोग जुना आहे: टीबीसारख्या रोगांसाठी खोलीत माणसांच्या डोक्यावर, छताजवळ दिवे लावतात, म्हणजे वर जाणारी हवा धुतली जाते आणि खाली कुणाच्या डोळ्यात जात नाही. तिथेही दिवा कुठे आणि किती, हाच प्रश्न.

तर कमिटीकडे माझं म्हणणं काय? एलईडी घ्या, पण साठ मिलिवॅटची नको. किंवा तीच घ्या आणि प्रवाह अर्ध्यावर आणा. मग एका नळाला डोस ३६ च्या जवळ जातो आणि बाटली भरायला मिनिटभर लागेल, आपण काही मरत नाही थांबायला. कंपनीकडून तरंगलांबी, डोस आणि तो कुठल्या प्रवाहाला मोजला हे लेखी घ्या. निळ्या दिव्याऐवजी यूव्ही सेन्सर मागा, जो डोस कमी झाला की नळच बंद करेल. पाणी बंद झालं की मुली आरडाओरडा करतात आणि मग दुरुस्ती होते. दिवा विझला की कुणी करत नाही. बायपासचा कॉक काढून टाका, बंद करून ठेवू नका, काढून टाका. आधी चांगला फिल्टर बसवा, कारण पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मातीच्या कणाच्या सावलीत जंतू आरामात बसतो. आणि गच्चीवरची टाकी धुणं आणि क्लोरीन यांना सुट्टी नाही. विक्रेत्याने सांगितलं की आमचं मशीन बसवलं की त्याची गरज नाही. मला वाटतं त्या वाक्यासाठीच त्याचं कोटेशन खाली ठेवायला हवं होतं. क्षार, रसायनं यांना तर हा प्रकाश हातही लावत नाही.

कुणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण अचानक वाढले. बघता बघता दोनशेच्या वर गेले. काही जणांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. आमच्या हॉस्टेलच्या निम्म्या मुलींची घरं पुण्याकडची, त्या दिवसांत मेसमध्ये दुसरा विषय नव्हता. तेव्हाही कूलरपुढे उभं राहून एकजण म्हणाली होती, "आपल्याकडे यूव्ही आहे." मीच होते ती. बायपासचा कॉक तेव्हाही उघडाच असणार.

पुढची मीटिंग सबमिशनच्या आठवड्यात ठेवली आहे, तेव्हा किती जण येतील शंकाच आहे. मी हिशोबाचा कागद कूलरवर चिकटवलाय, कुणाला चूक सापडली तर तिथेच पेनाने खोडून दुरुस्त करा. तोपर्यंत मी आणि माझी रूममेट पाणी उकळून पितो. कशावर उकळतो ते विचारू नका, कारण रूममध्ये इलेक्ट्रिक केटल ठेवायला मनाई आहे, आणि रेक्टर मॅडमही हे मासिक वाचतात.